अथेन्सची भाकरी आणि ‘मुक्त बाजारा’चे मिथक

१/ अथेन्सच्या अगोराला, म्हणजे नगरचौकातील बाजाराला, मुक्त व्यापाराचे माहेरघर ठरवणारे पुष्कळ आहेत. राज्यसत्ता बाजारापासून दूर राहिली म्हणूनच तेथे लोकशाही बहरली, असा त्यांचा युक्तिवाद. धान्यबाजाराचे पुरावे मात्र नेमके उलट बोलतात.

२/ अ‍ॅटिकाची जमीन हलकी, पाऊस बेभरवशाचा. जव, ऑलिव्ह, द्राक्षे तेथे तग धरीत; गव्हासाठी समुद्रापलीकडे पाहावे लागे. एकट्या बॉस्पोरसच्या राज्यातून, काळ्या समुद्राच्या उत्तरेकडून, वर्षाला सुमारे ४,००,००० मेडिम्नोस धान्य येते, असे डेमोस्थेनीस इ. स. पू. ३५५ च्या सुमारास सांगतो. इ. स. पू. ४०५ मध्ये आरमार बुडाले, धान्याची वाट तुटली आणि पुढच्याच वर्षी उपासमारीने अथेन्सला गुडघे टेकावे लागले.

३/ असे नगर भाकरी नशिबावर सोडणे शक्यच नव्हते. अथेन्समध्ये राहणाऱ्या व्यापाऱ्याने धान्य अन्य बंदरी नेणे हा गुन्हा होता. अ‍ॅरिस्टॉटलच्या नावे असलेल्या ‘अथेन्सची राज्यव्यवस्था’ या ग्रंथानुसार नगरात २० आणि पिरेयस बंदरात १५ धान्यरक्षक नेमलेले असत. पिठाचा भाव जवाच्या भावाला धरून आहे ना, पावाचे वजन ठरल्याप्रमाणे भरते ना, हे ते पाहत. हा सारा बंदोबस्त लोकशाहीनेच उभारला होता.

४/ म्हणून हे लोककल्याणाचे आदर्श राज्य होते काय? इ. स. पू. ३८६ च्या सुमाराचा खटला पाहावा. एका वेळी ५० टोपल्यांहून अधिक धान्य खरेदी केल्याचा आरोप काही किरकोळ धान्यविक्रेत्यांवर आला. मागणी झाली देहदंडाची. आरोपी होते मेटिक, म्हणजे मतदानाचा अधिकार नसलेले परकीय रहिवासी. अधिकाऱ्यांच्याच सांगण्यावरून खरेदी केली, हा त्यांचा बचाव. चौकशीविनाच त्यांना मृत्युदंड द्यावा, असेही काहींनी आधी सुचवले होते.

५/ फिर्यादीचे भाषण लिहून दिले लिसियासने. तोही मेटिकच! इ. स. पू. ४०४ मध्ये ‘तीस जुलमीं’नी त्याची मालमत्ता लुटली, भावाला ठार केले. परकेपणाची किंमत त्याच्याइतकी कोणाला ठाऊक असणार?

६/ अथेन्सने बाजाराला वेसण घातली, हे खरे. आणि ती योग्यच होती, कारण भुकेल्या नगरात मताला अर्थ उरत नाही. पण कायदा करणाऱ्या सभेत मेटिकांना जागा नव्हती. त्याचा सर्वांत कठोर फटका मात्र त्यांच्याच मानेवर येत होता. अगोराचे गोडवे गाणाऱ्यांनी, मग ते कोणत्याही पक्षाचे असोत, या दोन्ही गोष्टी एकत्र सांगाव्यात.