इथे बंद पडली ती बोटीची लाइन

‘रेल-ट्रेल’चं पॅकेज रत्नागिरीत काढता येईल का, असं विचारणारे व्यावसायिक हल्ली बरेच भेटतात. परदेशात जाऊन आलेले पाहुणे त्यांना फोटो दाखवतात. बंद पडलेल्या रेल्वेमार्गावर केलेली गुळगुळीत सायकलवाट, जुन्या स्टेशनात थाटलेलं कॉफीचं दुकान, सत्तरीतलं जोडपं ई-बाइकवर रमतगमत चाललेलं, सामान पुढच्या मुक्कामी आधीच पोचलेलं. मग आपला होमस्टेवाला म्हणतो, रेल्वे तर आपल्याकडेही आहे, सायकली घेऊ की!

उत्तर सरळ देऊन टाकतो. रत्नागिरीत रेल-ट्रेल होणार नाही. त्यासाठी आधी एक मेलेली रेल्वे लागते आणि आपली रेल्वे धडधाकट आहे. 26 जानेवारी 1998 रोजी कोकण रेल्वे पूर्ण लांबीने सुरू झाली, 2022 मध्ये तिचं विद्युतीकरणही पुरं झालं. करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा, पानवलचा उंच पूल ही पाहण्यासारखी ठिकाणं आहेत, पण गाडीच्या खिडकीतून. रुळांच्या कडेने पाहुण्यांना ‘जरा फोटोपुरतं’ नेणारे गाइड आपल्याकडे आहेत. त्यांनी रेल्वे कायद्याचं कलम 147 वाचावं. विनापरवाना हद्दीत शिरल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दंडाचं सोडा, करबुड्याच्या तोंडाशी गाडी येताना ऐकू येईलच याची खात्री कोण देणार?

घाटावरच्या आणि विदर्भातल्या वाचकांसाठी दोन शब्द. महाराष्ट्रात बंद पडलेले छोटे रेल्वेमार्ग आहेत. यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर ही शकुंतला जवळपास 190 किलोमीटरची, पाचोरा–जामनेर 56 किलोमीटरचा. नकाशावर दोन्ही फार मोहक दिसतात. पण तिथल्या लोकांना सायकलवाट नको आहे, त्यांना ब्रॉडगेज हवी आहे, आणि त्यासाठी ती माणसं वर्षानुवर्षं निवेदनं देत आली आहेत. गावाच्या रेल्वेची मागणी चालू असताना तिथे पर्यटकांसाठी ट्रॅक मागायला जाणं म्हणजे जखमेवर मीठ चोळणं. खंडाळ्याच्या घाटातला जुना रिव्हर्सिंग स्टेशनचा टप्पा 1929 मध्येच सोडून दिला गेला. त्याचा विचार करता येईल, पण तो तुकडा आहे, सहल नव्हे.

मग परदेशातल्या त्या फोटोंमधून घ्यायचं काय? न्यूझीलंडची ओटागो सेंट्रल रेल्वे 1990 मध्ये बंद झाली आणि 2000 मध्ये तिच्या दीडशे किलोमीटरवर सायकलवाट खुली झाली. जर्मनीतल्या आखेनहून बेल्जियममार्गे लक्झेंबर्गला जाणारी फेनबान सव्वाशे किलोमीटरची. स्पेनने 1993 पासून अशा वाटांचं जाळंच विणलं. या सगळ्यांचं बळ दोन गोष्टींत आहे. एक, चढ. वाफेचं इंजिन तीव्र चढ चढत नाही, म्हणून जिथून रेल्वे गेली तिथे कुणीही सायकल मारू शकतो. आपल्या बोरघाटाचा 37 ला 1 हा चढ रेल्वेच्या दृष्टीने भयंकर समजला जातो, आणि आपल्या वाड्यांचे रस्ते त्याच्या तिप्पट-चौपट उभे. दुसरी गोष्ट अंतराची. जुन्या लाइनवर ठरावीक टप्प्याने स्टेशन असतं आणि स्टेशनाभोवती गाव. पाणी, जेवण, मुक्काम यांची साखळी रेल्वेनेच घालून ठेवलेली असते.

चढाचं काम आता ई-बाइकची मोटर करते. राहिली साखळी, आणि ती आपल्याकडे आहे. कोकणात बंद पडलेली लाइन रेल्वेची नाहीच, ती आगबोटीची आहे.

भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली बोट हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाझी अशी बंदरं घेत दक्षिणेला जाई. खोल पाण्यात उभी राही, पडाव तिला भिडत, माणसं आणि ट्रंका पडावातून किनाऱ्याला लागत. पावसाळ्यात सगळं बंद. एसटी वाढली, रस्ते झाले आणि रेल्वे यायच्या आधीच बोट गेली. पण ती गावं एकमेकांपासून ज्या अंतरावर आहेत ते अंतर आजही तेच आहे, आणि ई-बाइकच्या दिवसाला ते नेमकं बसतं. प्रत्येक बंदराला किल्ला आहे, देऊळ आहे, मशीद आहे, मासळी आहे, आणि मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्याची वाट पाहण्याची सवय असलेली घरं आहेत. कॉफीच्या दुकानापेक्षा हे भांडवल मोठं आहे.

प्रत्यक्ष वाट अशी मांडता येते. पाहुणा रेल्वेने खेडला उतरतो. सायकल त्याच्याबरोबर आणू नका. पंचवीस किलोची ई-बाइक दोन-तीन मिनिटांच्या थांब्यात उतरवणं हा खेळ नाही. विमानाने येणाऱ्याचा तर प्रश्नच मिटतो, कारण 160 वॅट-तासांवरची बॅटरी प्रवासी विमानात नेता येत नाही आणि ई-बाइकची बॅटरी त्याच्या दुप्पट-तिप्पट असते. म्हणजे सायकली इथल्याच हव्यात, आणि हा आपल्या फायद्याचा भाग. खेडहून दापोलीपर्यंत पाहुण्यांना गाडीने न्या. तो रस्ता रहदारीचा आणि चढाचा आहे, पहिल्याच दिवशी तिथे दमवण्यात शहाणपणा नाही. खरी सहल हर्णैला सुरू होते, सुवर्णदुर्ग समोर ठेवून. मुरुड, कर्दे, लाडघर, बुरोंडी, कोळथरे असं उतरत दाभोळ. फेरीबोटीने धोपावे, पुढे गुहागर. वेळणेश्वर, हेदवी, तवसाळ, पुन्हा फेरी आणि जयगड. मालगुंडला केशवसुतांचं स्मारक, गणपतीपुळे, मग आरे-वारेच्या रस्त्याने सुमारे 25 किलोमीटरवर रत्नागिरी. अंगात जोर आणि रजा शिल्लक असेल त्यांनी पावस, पूर्णगड, कशेळी, आडिवरे करत नाटे-मुसाकाझीपर्यंत जावं. बाकीच्यांनी रत्नागिरीतच गाडी पकडावी.

दिशा उत्तरेकडून दक्षिणेकडेच ठेवा. दुपारी खारा वारा उठतो तो साधारण वायव्येकडून. दक्षिणेकडे जाणाऱ्याच्या तो पाठीवर येतो, उलट जाणाऱ्याच्या तोंडावर. बॅटरीत हा फरक दिसतो.

आता बॅटरी. विक्रेता ‘एका चार्जमध्ये साठ-सत्तर किलोमीटर’ सांगतो तो सपाट रस्त्याचा आकडा. आपल्याकडे सपाट असा रस्ता फक्त सड्यावर आणि पुळणीच्या मागे. बाकी प्रत्येक खाडीला उतरा आणि पलीकडे पुन्हा चढा. हिशेब स्वतः करून पाहा. सायकल पंचवीस किलो, माणूस पंचाहत्तर, मिळून शंभर. एवढं वजन दीडशे मीटर उंच न्यायला चाळीस वॅट-तास ऊर्जा लागते. मोटरमध्ये वाया जाणारी धरली तर पन्नासच्या वर. दिवसात असे चार चढ म्हणजे दोनशे गेले. वर पस्तीस-चाळीस किलोमीटर सपाटीचे, त्याला आणखी अडीचशेच्या आसपास. आणि बाजारात सर्रास मिळणारी 36 व्होल्ट, 10 अँपिअर-तासांची बॅटरी भरते 360. पाहुणा नुसते पाय फिरवत बसला तर शेवटच्या चढाखाली सायकल ढकलावी लागणार. त्याने निम्मा जोर स्वतः लावला तर मुक्कामाला पोचून बॅटरी उरते. म्हणून पहिल्या सकाळी मैदानावर अर्धा तास शिकवण्यात घालवा. चढाच्या आधी गिअर उतरवायचा, चढ सुरू झाल्यावर नाही. असिस्ट, म्हणजे मोटरची मदत, मधल्या पायरीवर ठेवायचा. सर्वांत वरची पायरी आरे-वारेसारख्या चढासाठी राखून ठेवायची. नव्वद किलोचा पाहुणा असेल तर जादा बॅटरी मागच्या टेम्पोत असलीच पाहिजे.

चढापेक्षा उतार घातक. साधी सायकल चालवणारा चढताना दमतो म्हणून उतारावर जपून असतो. ई-बाइकवरचा ताजातवाना असतो आणि त्याच्या बुडाखाली पंचवीस किलोचं धूड असतं. आरे-वारेच्या उतारावर वळणापलीकडे रस्त्यातच गाड्या उभ्या करून सेल्फी घेणारी मंडळी असतात. इथे पुढचा गाइड थांबतो आणि एकेकाला सोडतो, हा नियम सहलीच्या कागदावर लिहून ठेवा. डिस्क ब्रेकचे पॅड रोज संध्याकाळी बघायचे. खाऱ्या हवेत चेन आणि बॅटरीचे कनेक्टर गंजतात, त्यामुळे गोड्या पाण्याचं फडकं आणि तेलाचा थेंब रोजचाच. पुळणीवर, विशेषतः ओल्या वाळूत, सायकल घालू द्यायची नाही. पाहुणा कितीही हट्ट करो, मोटरमध्ये खारं पाणी गेल्यावर तिचं बिल तो भरत नाही.

मुक्कामाच्या घरातली एक गोष्ट मात्र बारकाईने सांगायला हवी. सहा सायकलींचे सहा चार्जर म्हणजे सगळे मिळून पाचशे वॅटच्या आसपास, इस्त्रीपेक्षा कमी. लोड झेपतो. अडचण असते ती जागेची. आपल्या कौलारू घरात मोकळा प्लग बहुधा पडवीत, तिथे एक एक्स्टेन्शन बोर्ड, त्यातून सगळे चार्जर लटकलेले, वर लाकडी माळा, आणि मार्चनंतर कोपऱ्यात पेंढ्यात घातलेली आंब्याची अढी. लिथियमची बॅटरी क्वचितच पेटते, पण पेटली तर पाण्याच्या बादलीने विझत नाही. पेंढा, गवत, लाकूड यांपासून दूर, जांभ्याच्या जमिनीवर किंवा अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये चार्जिंगची जागा करा. सॉकेट वेगळे घ्या, अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या. संध्याकाळी सहाला लावलेला चार्जर पाच-सहा तासांत काम करतो. घरातलं माणूस झोपायच्या आत तो काढायचा. रात्रभर लावून ठेवणं बंद. बॅटरी सोडवून न देणाऱ्या स्वस्त सायकली आहेत, त्या या धंद्यात घेऊच नका. आणि लाइट जाणार हे गृहीत धरूनच दिवस आखा.

कायद्याचं एक. 250 वॅटपर्यंतची मोटर, ताशी 25 किमी वेगाला बंद होणारी, अशा सायकलीला नोंदणी नाही, चालवणाऱ्याला लायसन लागत नाही. यापुढची ताकदवान थ्रॉटलवाली वाहनं ‘ई-बाइक’ म्हणूनच विकली जातात, पण ती कायद्याने मोटारसायकली. अपघात झाला की विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारते. पायडल मारल्यावरच चालणारी सायकल घ्या. राज्याच्या 2021 च्या साहसी पर्यटन धोरणाखाली आपली सहल नोंदवायची की नाही, हे पर्यटन संचालनालयाला लेखी विचारा आणि लेखी उत्तर घ्या.

हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मेमध्ये पाहुणे मागतील, देऊ नका. ऊन, आंब्याच्या गाड्या आणि स्वतःच्या बागेत अडकलेला घरमालक, कुणाचंच धड होत नाही. आठ पाहुण्यांवर एक गाइड पुढे, एक मागे. हे दोघे इथलेच हवेत. पुण्याहून आणलेला सायकलपटू चाकाची आरी बसवील, पण हर्णैच्या लिलावात आज कुठली मासळी आली आणि ती कुणाच्या घरी रांधून मिळेल हे त्याला ठाऊक नसतं. दापोली, चिपळूण, रत्नागिरीत सायकल चालवणारी तरुण मंडळी भरपूर आहेत. त्यांना शनिवार-रविवारची हौस म्हणून न ठेवता पगार द्या.

या सगळ्याला एक मुदत आहे. रेवस–रेड्डी सागरी मार्गावर खाड्यांवरचे पूल होऊ घातले आहेत. पूल व्हावेत, आजारी माणसाला खाडीपलीकडे नेताना फेरीची वाट पाहावी लागू नये, याबद्दल दुमत नाही. पण पूल झाले की आज निवांत असलेले हे रस्ते मुंबई–गोवा गाड्यांचे होतील आणि फेरीबोटी तोट्यात जातील. पुलाच्या आराखड्यातच कडेला सायकल आणि पादचाऱ्यांसाठी वेगळी पट्टी मागितली तर खर्च थोडा, नंतर मागितली तर ती होतच नाही. तसाच कशेडीचा जुना घाटरस्ता. बोगद्याने त्याच्यावरची अवजड रहदारी ओढून घेतली आहे. वाहतुकीने सोडून दिलेली, आखीव चढाची, सावलीची वाट: रेल-ट्रेलचं सगळं लक्षण आपल्या जिल्ह्यात कुठे असेल तर ते इथे. तो रस्ता ढासळायच्या किंवा टपऱ्यांनी भरायच्या आत राखीव करून मागायला हवा. हे पत्र एकट्या होमस्टेवाल्याने लिहून चालणार नाही. तालुक्यातल्या सगळ्यांनी मिळून, सह्या करून, पुलांसाठी रस्ते विकास महामंडळाला आणि कशेडीसाठी महामार्गाच्या अधिकाऱ्यांना पाठवावं. प्रत आमच्याकडे द्या, छापू.

आणि पॅकेजच्या जाहिरातीत ‘रेल-ट्रेल’ हा शब्द घालू नका. पाहुणा रूळ शोधत येईल आणि फसवलं म्हणून जाईल. दिवाळीनंतर आपापल्या तालुक्यातला एकेक टप्पा स्वतः चालवून बघा, शक्यतो घरातल्या सर्वांत वजनदार माणसाला सायकलवर बसवून. निघताना बॅटरी किती, पोचल्यावर किती, फेरीला किती वेळ गेला, पाणी कुठे मिळालं एवढं टिपून आम्हाला पाठवा. हर्णै ते मुसाकाझी सगळ्या टप्प्यांचा तक्ता फेब्रुवारीच्या अंकात देऊ. पाठवण्याची शेवटची तारीख 10 जानेवारी.