कडी नसलेले दार

दाराला कडी दिसली की हात आपोआप तिकडे जातो. ‘ओढा’ असे कुणी सांगावे लागत नाही. मोबाइलच्या काचेला मात्र ना कडी, ना मूठ! बोट कुठे टेकवावे, कुठे सरकवावे, हे तिथे डोळ्यांनाच सांगावे लागते.

२००७ साली आयफोन आला, तेव्हा त्याच्या कर्त्यांना हे पुरते उमगले होते. कुलूप उघडण्यासाठी पडद्याच्या तळाशी खाचेसारखी पट्टी, तीत बाण काढलेले बटण, आणि ‘सरकवून उघडा’ अशा अर्थाच्या अक्षरांवरून डावीकडून उजवीकडे धावणारी चमक! बोटाची वाटच जणू उजेडाने आखून दिली. पुढे २०१३ साली साधेपणाची हौस आली. बटणांच्या कडा नि सावल्या पुसल्या गेल्या, नुसते रंगीत शब्द उरले. वर्षभरातच, २०१४ साली, बटणांना पुन्हा आकार देण्याची सोय सेटिंगमध्ये करावी लागली! २०१६ साली ती चमकती अक्षरेही गेली.

आम्ही वर्गात व्यंजनेचे गोडवे गातो. न बोलता सुचवणे हे काव्याचे भूषण खरे. पण बटणाने आपले अभिधेतच बोलावे. बँकेची, रेल्वेची, दवाखान्याची कामे आता याच काचेतून चालतात. खूण सापडली नाही, की म्हातारा माणूस ‘मलाच मेले जमत नाही’ म्हणत फोन नातवाच्या हाती देतो, आणि आपले व्यवहारही त्याच्याच स्वाधीन करतो. अशा वेळी त्याच्या थरथरत्या बोटाला हसण्याआधी सुतारालाच विचारावे : बाबा रे, दार केलेस, पण कडी कुठे लावलीस?