जगाचा इतिहास कोणाच्या पोरांसाठी?

शेतकरी व कारागीर बांधवहो,

हल्ली आपल्या भागात रस्त्याच्या कडेला ज्या नव्या नव्या शाळांच्या पाट्या लागतात, त्यांवर एक शब्द ठळक अक्षरांनी रंगविलेला असतो, तो म्हणजे 'इंटरनॅशनल'. दारात पिवळी गाडी येते, पोराच्या गळ्यात टाय लागतो, वर्गाच्या भिंतीवर परदेशांची निशाणे चिकटविली जातात, आणि उसाचे बिल हाती पडताच बाप पहिला हप्ता तेथे नेऊन भरतो. आत जाऊन पाहावे तर बहुतेक ठिकाणी शिकविणे तेच आणि घोकंपट्टीही तीच. फरक एवढाच की ती इंग्रजीत. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, असा हा प्रकार आहे.

खरा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम जगात नाही असे मात्र नव्हे. 1968 साली जिनिव्हा येथे निघालेल्या एका संस्थेचा अभ्यासक्रम मुंबई-पुण्याच्या काही शाळांत चालतो. तेथील पोरे महायुद्धे का झाली हे वाचतात, दोन परस्परविरोधी कागद समोर ठेवून खरे कोणते ते ताडून पाहतात, परक्या देशांतील कथा-कादंबऱ्या वाचतात आणि आपले मत कारणासह मांडावयास शिकतात. तेथील फी वर्षाला लाखांच्या घरात असते. म्हणजे व्यवस्था अशी झाली की, श्रीमंताच्या पोराला जग मिळावे आणि आमच्या पोराला जगाची नुसती पाटी मिळावी! या व्यवस्थेविरुद्धच आजचे हे लिहिणे आहे.

यावर आमचेच काही शहाणे लोक म्हणतात, "मास्तर, आमच्या पोराला परदेशाचा इतिहास घेऊन काय करायचंय? त्यानं ऊस वाढतोय का? त्याला आयटीआयला घाला, चार पैसे मिळवू दे." धंदेशिक्षणाला आमचा विरोध नाही, हाताचे कसब ही तर आमच्या घराची दौलत आहे. पण कुणब्याच्या, चांभाराच्या, साळ्याच्या पोराने हात चालवावेत आणि डोके दुसऱ्याने चालवावे, ही शिकवण काही नवी नव्हे. 1882 साली हंटर कमिशनपुढे जोतीराव फुल्यांनी ह्याच अन्यायावर बोट ठेवले होते. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि विद्येवरचा खर्च मात्र वरच्या वर्गाकडे जातो, हेच त्यांचे गाऱ्हाणे होते. जुनाच माल आज नव्या वेष्टनात येत आहे, आणि दुःखाची गोष्ट ही की तो आम्ही आपल्या तोंडाने मागू लागलो आहोत.

आता जगाचा आणि आमच्या चुलीचा संबंध काय तो पाहू. 1861 साली अमेरिकेत गुलामगिरीच्या प्रश्नावरून यादवी युद्ध पेटले. इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, म्हणून हिंदुस्थानच्या कापसाचा भाव आकाशाला भिडला. सावकाराने हात सैल सोडून कर्ज दिले. 1865 साली युद्ध संपले, भाव कोसळला. पण कर्ज राहिले आणि वरून साऱ्याची वाढही आली. अखेर 1875 च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या व खते जाळली. त्यातूनच 1879 चा दख्खनच्या शेतकऱ्यांचा कायदा निघाला. अमेरिकेतील तोफांचा धूर सुप्याच्या बाजारापर्यंत आला तो असा. ज्याने हे वाचले नाही तो म्हणेल की शेतकरी उधळ्या होता म्हणून बुडाला. आणि ज्याने वाचले तो विचारील की भाव कोण ठरवितो?

जुनी गोष्ट नको असेल तर उसाचीच घ्या. 2019 साली ब्राझील, ऑस्ट्रेलिया व ग्वाटेमाला या तीन देशांनी जागतिक व्यापार संघटनेकडे तक्रार केली की, हिंदुस्थान उसाला कायद्याने जो भाव देववितो आणि साखरेच्या निर्यातीला जी मदत देतो, ती नियमाबाहेरची आहे. ज्या एफआरपीसाठी आपण रस्त्यावर बसतो, तीच एफआरपी जिनिव्हात आरोपीच्या पिंजऱ्यात उभी होती! डिसेंबर 2021 मध्ये निकाल आपल्याविरुद्ध गेला आणि सरकारने त्यावर अपील केले. दहावीच्या भूगोलात आमची पोरे भारत आणि ब्राझील यांची तुलना शिकतात. पाऊस, नद्या, लोकसंख्या सगळे पाठ करतात. पण हाच ब्राझील आमच्या उसाच्या बिलावर फिर्याद घेऊन गेला, हे त्यांना कोण सांगणार?

कारागिरांनीही हे आपल्यावेगळे समजू नये. कोल्हापुरी चपलेला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळाले. पुढे 2025 च्या जूनमध्ये इटलीतील प्रादा या बड्या कंपनीने मिलान शहरात तशाच धाटणीच्या चपला मांडल्या आणि आमच्या चांभाराचे नावही घेतले नाही. ओरड झाली तेव्हा कुठे त्यांनी कबुली दिली. मानांकन म्हणजे काय, त्याचा अंमल कोणत्या देशात चालतो, कोठे चालत नाही, हे चपला शिवणाऱ्याच्या पोरीला शाळेत कळले असते, तर तिला परक्याच्या ओरडीची वाट पाहावी लागली नसती. हुपरीच्या चांदीचा भाव आणि इचलकरंजीच्या मागावरच्या सुताचा भाव ह्यांचेही दोर दूरवर गेलेले आहेत.

कोणी म्हणेल, हे सगळे पैशाचे झाले, माणुसकीचे काय? तर आमच्या हातकणंगल्याहून कोल्हापूरकडे रेल्वेने जाताना वळिवडे लागते. तेथे 1943 ते 1948 या काळात पोलंड देशाचे सुमारे पाच हजार निर्वासित राहत होते. त्यांत बहुतेक बायका आणि मुले. रशियाने त्यांना घरांतून उचलून सैबेरियाकडे हाकलले होते, तेथून इराणमार्गे ती आपल्या दारी आली. दुसरे महायुद्ध असे आमच्या शिवाराला लागून पाच वर्षे नांदले. फाळणीनंतर त्याच जागी सिंधी निर्वासित आले आणि गांधीनगर वसले. एवढा धडा एका पायवाटेच्या अंतरावर पडून असता, पोरांना महायुद्धाच्या सनावळ्या पाठ करावयास लावणे ह्याला शिक्षण म्हणावयाचे काय?

आमच्या वडीलधाऱ्यांची दृष्टी अशी आखूड नव्हती. जोतीरावांनी 1873 साली 'गुलामगिरी' लिहिली, ती निग्रोंना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांस अर्पण केली. आपल्याच तालुक्यातील माणगावी मार्च 1920 मध्ये परिषद भरली. तिचे अध्यक्ष होते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र, समाजशास्त्र व इतिहास शिकून आलेले डॉ. आंबेडकर, आणि त्यांना पुढारी म्हणून लोकांपुढे उभे केले ते शाहू छत्रपतींनी. ह्याच आंबेडकरांनी 1946 साली अमेरिकेतील निग्रो विद्वान ड्यू बॉईस यांना पत्र घालून, तुमच्या लोकांची फिर्याद संयुक्त राष्ट्रांपुढे कशी जाते ते विचारले होते. आपले दुःख जगाच्या दुःखाशेजारी ठेवून पाहावे, म्हणजे ते दैवाने आलेले नसून माणसाने केलेले आहे हे कळते. ही विद्या चैनीची नव्हे, सुटकेची आहे.

आणि सरकारने काय केले? 2018 साली महाराष्ट्र आंतरराष्ट्रीय शिक्षण मंडळ काढले, काही जिल्हा परिषद शाळा त्यात घेतल्या. खेड्यातील पोरालाही जग मराठीतून मिळेल, अशी आशा वाटली. राज्य बदलले आणि 2020 साली ते मंडळ गुंडाळले. त्यात खोट असेल तर खोट काढावयाची होती. ढेकूण झाले म्हणून कोणी बाज जाळीत नाही. तसेच पुस्तकांचे. दहावीच्या पूर्वीच्या इतिहासात साम्राज्यवाद होता, दोन्ही महायुद्धे होती. 2018 च्या नव्या पुस्तकात इतिहासलेखन, प्रसारमाध्यमे, खेळ आणि पर्यटन आले. नववीच्या राज्यशास्त्रात महायुद्धोत्तर जग व संयुक्त राष्ट्रे आहेत, हे आम्ही नाकारीत नाही. पण वसाहतवाद, महायुद्धे आणि शीतयुद्ध ह्यांचा सविस्तर इतिहास बारावीच्या इतिहासात जाऊन बसला. दहावीनंतर मागावर गेलेल्या, नर्सिंगला गेलेल्या, सायन्सला गेलेल्या किंवा लग्न लावून दिलेल्या पोरीच्या वाट्याला तो कधी यावयाचा?

कित्येकांना वाटते की, जग शिकावयाचे तर इंग्रजी शाळाच पाहिजे. इंग्रजी जरूर शिकावे, चांगले शिकावे. पण जपानी पोर जगाचा इतिहास जपानीत शिकते, म्हणून काही ते अडाणी राहिले नाही. न समजणाऱ्या भाषेत जग शिकविणे म्हणजे झाकल्या हंडीची भाजी दाखविणे होय.

सबब आमचे मागणे साधे आहे. 2020 च्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे नवी पुस्तके इयत्तेमागून इयत्ता निघत आहेत. 2025 साली पहिलीपासून सुरुवात झाली आहे. हायस्कूलची पुस्तके निघण्यापूर्वीच बोलले पाहिजे. आठवी ते दहावीत जगाचा इतिहास मराठीतून, सर्वांना, सक्तीने असावा. तो आपल्या दारापासून सुरू व्हावा: कापसापासून अमेरिकेपर्यंत, उसापासून ब्राझीलपर्यंत, वळिवड्यापासून पोलंडपर्यंत. परीक्षेत सन विचारण्याऐवजी कारण विचारावे. पुस्तकाची वाट न पाहता शिक्षकबंधूंनी महिन्यातून एक तास वळिवड्याला, माणगावला, मागाच्या खात्यावर भरवावा. त्याला पैसा लागत नाही.

आणि पालकहो, पालक-शिक्षक संघाची सभा म्हणजे चहा पिऊन सही करण्याची जागा नव्हे. पाटीवर काय लिहिले आहे ते विचारू नका, वहीत काय लिहिले आहे ते विचारा. ग्रामसभेत गटारीचा ठराव करता, तसा पुस्तकांचाही करा आणि तो शिक्षणखात्याकडे धाडा. कर्मवीर भाऊराव पाटील ह्याच तालुक्यातील कुंभोजला जन्मले. त्यांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था काढली ती रयतेच्या मूठमूठ धान्यावर वाढली, कोणाच्या मेहेरबानीवर नव्हे. जगाने आमच्या मालाचा भाव करावा आणि आम्ही जगाचे नाव फक्त पाटीवर वाचावे, हे आणखी किती पिढ्या चालू द्यावयाचे, ते ठरविणे आता तुमच्या हाती आहे.

— एक खेडवळ शाळामास्तर, हातकणंगले