पाय दाबून पाहणारी ताई

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. दवाखाना आटोपत आला होता. तेवढ्यात एक आजी दोन वर्षांच्या नातवाला कडेवर घेऊन आत आली. मागोमाग गावच्या अंगणवाडीतील ताई. आजीच्या चेहऱ्यावर नाराजी स्पष्ट दिसत होती.

"डॉक्टरसाहेब, लेकरू चांगलं भरलंय की. ही ताई उगाच माझ्या मागं लागली. एस.टी.चं भाडं बी तिनंच भरलं."

मुलाचे गाल खरोखरच गुबगुबीत होते. वजनही वयाच्या मानाने फारसे कमी नव्हते. आईबाप ऊसतोडीला गेलेले. पोर आजीजवळ. खाणे म्हणजे चहात बुडवलेली बिस्किटे आणि कधी वरणाचे पाणी. मी ताईंना विचारले, "तुम्हाला शंका कशी आली?" त्या काही बोलल्या नाहीत. त्यांनी मुलाचे दोन्ही पाय हातात घेतले, पावलांवर अंगठे टेकवले आणि मनातल्या मनात तीन अंक मोजून उचलले. दोन्ही पावलांवर खळगे पडले होते आणि ते भरून येत नव्हते.

ते भरलेले अंग नव्हते, ती सूज होती. तीव्र कुपोषणाचा हा प्रकार फसवा असतो. अंगात साठलेल्या पाण्यामुळे काट्यावर वजन बरे दिसते, चेहरा गोल दिसतो आणि मूल मात्र आतून रिते होत असते. दोन्ही पावलांवर असा खळगा पडला, तर वजन कितीही असो, ते मूल तीव्र कुपोषित समजायचे आणि त्याला ताबडतोब डॉक्टरकडे न्यायचे. ताईंनी नेमके तेच केले होते. आणखी दहा-पंधरा दिवस गेले असते तर काय झाले असते, हे मला लिहावेसे वाटत नाही.

मुलाला दाखल करण्याची व्यवस्था लावल्यावर मी ताईंना म्हटले, "हे कुठे शिकलात?" त्या म्हणाल्या, "ट्रेनिंगला एक बाई होत्या. त्यांनी नुसतं सांगितलं नाही. जवळच्या वस्तीवरची मुलं बोलावली आणि आमच्या प्रत्येकीकडून पाय दाबून घेतले. चुकलं की हात धरून दाखवायच्या. ते विसरत नाही डॉक्टर."

त्या उत्तराने मला आनंद झाला, आणि थोडी शरमही वाटली.

माझे स्वतःचे व्याख्यान

शरम का, ते सांगतो. काही वर्षांपूर्वी अशाच एका प्रशिक्षण वर्गात 'बालकांचे पोषण' या विषयावर बोलायला मला बोलावले होते. मी दीड तास बोललो. फळ्यावर आकृत्या काढल्या, प्रथिने, उष्मांक, जीवनसत्त्वे सगळे सांगितले. समोर चाळीसएक महिला माना खाली घालून वहीत उतरवून घेत होत्या. शेवटी "काही शंका?" असे विचारले. कोणालाही शंका नव्हती. नारळ, शाल, चहा झाला आणि आपण मोठे काम केले अशा समजुतीने मी घरी आलो.

पुढे पाच-सहा महिन्यांनी एका गावच्या अंगणवाडीत वजन घेण्याच्या दिवशी सहज डोकावलो. काटा टांगलेला होता, पण त्याचा काटा मुळात शून्यावर नव्हता. मुले स्वेटर, टोपी, पायांतल्या वाळ्यांसकट झोळीत बसत होती. वजन घेणाऱ्या ताई माझ्याच वर्गात पहिल्या रांगेत होत्या. त्यांची वही मागून पाहिली. माझे व्याख्यान शब्दशः उतरवलेले, अक्षर मोत्यासारखे! दोष त्यांचा नव्हता. मी दीड तासात काटा एकदाही हातात घेतला नव्हता. मी सांगितले होते, शिकवले नव्हते.

वाचकहो, आज मला जे म्हणायचे आहे ते एवढेच आहे. लहान मुलांची काळजी घेणे ही हाताने आणि डोळ्यांनी शिकायची विद्या आहे. पोहणे जसे वहीत लिहून येत नाही, तशीच हीही येत नाही. आणि एकदा शिकून प्रमाणपत्र घेतले की संपले, असेही या विद्येचे नाही.

जुनीच गोष्ट

हे काही मी नवीन सांगत नाही. आपल्याच महाराष्ट्रात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ते करून दाखवले आहे. १९४५ साली ठाणे जिल्ह्यातील (आताचा पालघर जिल्हा) बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी आदिवासी मुलांसाठी काम उभे केले. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यायची, हा 'अंगणवाडी' शब्दामागचा विचार त्यांचाच. शिक्षिकांनाही त्यांनी मुलांमध्ये ठेवूनच घडवले. मुलांची नखे काढणे, त्यांना आंघोळ घालणे आणि त्यांना गाणे शिकवणे ही त्यांच्या लेखी वेगवेगळी कामे नव्हती.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू झाली, तेव्हा 'अंगणवाडी' हा शब्द सरकारने उचलला. शब्द देशभर पोहोचला. शिकवण्याची ती रीत मात्र सगळीकडे पोहोचली, असे म्हणवत नाही.

आज एका सेविकेकडून आपण काय काय अपेक्षा करतो पाहा. पूरक आहार द्यायचा, लसीकरणाला मुले जमवायची, वजन-उंची घ्यायची, आजारी मूल ओळखून पुढे पाठवायचे, गरोदर बायकांच्या घरी जायचे, तीन ते सहा वर्षांच्या मुलांना शिकवायचे. शिवाय २०२१ पासून हे सारे मोबाइलवर भरायचे. इतक्या कामांचे प्रशिक्षण कधी काही आठवड्यांचे असते, कधी काही दिवसांचे. २०२३ साली केंद्र सरकारने 'पोषण भी पढाई भी' हा कार्यक्रम सुरू केला, त्यातले सुरुवातीचे प्रशिक्षण तीन दिवसांचे ठेवले होते. हेतू उत्तमच आहे. पण तीन दिवसांत खेळणी करणे शिकवाल, की दिव्यांग मूल ओळखणे, की दंडघेर मोजणे?

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात याबाबत एक चांगली तरतूद आहे. बारावी झालेल्या सेविकांना सहा महिन्यांचा आणि त्यापेक्षा कमी शिकलेल्यांना एक वर्षाचा अभ्यासक्रम द्यावा, असे त्यात म्हटले आहे. तो दूरचित्रवाणी आणि मोबाइलच्या मदतीने, नोकरी सांभाळून पुरा करायचा. मात्र महिन्यातून किमान एकदा प्रत्यक्ष भेटीचा वर्ग व्हायला हवा, असेही धोरण सांगते. माझे लक्ष आहे ते या शेवटच्या वाक्याकडे. पडद्यावरचा भाग होईल, कारण तो सोपा आहे. गळून पडण्याची भीती आहे ती या महिन्याच्या वर्गाची. आणि खरे शिक्षण होणार आहे ते तिथेच.

जामखेड आणि गडचिरोली

"कमी शिकलेल्या बायकांना इतके जमेल का?" असा प्रश्न मला सुशिक्षित लोक विचारतात. याचे उत्तर दोन ठिकाणी मिळते. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली काम सुरू केले. त्यांच्या ग्राम आरोग्य सेविकांपैकी अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हते. त्या दर आठवड्याला जामखेडला येत, आपापल्या गावात काय घडले ते सांगत, चुकले असेल ते दुरुस्त करून घेत आणि नवे एखादे काम शिकून परत जात. त्यांच्या शिक्षणाला शेवटचा दिवस नव्हता.

दुसरे गडचिरोली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले. बाळाचे श्वास मोजायचे, त्याला ऊब द्यायची, जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखायची आणि वेळेला इंजेक्शनही द्यायचे. ३९ गावांतील या कामाचा अहवाल १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. हे काम नसलेल्या शेजारच्या गावांशी तुलना करता तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंमध्ये ६२ टक्के घट झाली होती. या स्त्रियांना शिकवून सोडून दिले नव्हते. त्यांच्या कामावर वेळोवेळी कोणीतरी येऊन नजर टाकत होते. यश आहे ते त्यात.

आणि पाळणाघरे?

अंगणवाडीच्या ताईंना निदान काही प्रशिक्षण मिळते. आपल्या गावांतून आता घरगुती पाळणाघरे निघाली आहेत, त्यांचे काय? आई बँकेत, वडील शाळेत, आजी गावी. मग मूल जाते गल्लीतल्या काकूंकडे. या काकू बहुधा प्रेमळ असतात. पण प्रेम म्हणजे प्रशिक्षण नव्हे. अशाच एका घरी मुलाला जुलाब लागले, तेव्हा "पाणी दिलं की जास्त होतात" म्हणून दिवसभर पाणी बंद ठेवले होते. संध्याकाळी मूल माझ्याकडे आले तेव्हा डोळे खोल गेले होते आणि पोटाची चिमटीत धरलेली कातडी हळूहळू खाली बसत होती. सलाईनने ते वाचले. काकू बाहेर बाकावर बसून रडत होत्या. जुलाबात पाणी तोडायचे नसते, जलसंजीवनी पाजायची असते, हे त्यांना कोणीही कधी सांगितले नव्हते.

२०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती होऊन ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय करणे बंधनकारक झाले. पण आपल्या पेठेतल्या दुकानांत आणि पतसंस्थांत पन्नास माणसे कुठली? आपली मुले काकूंकडेच राहणार. म्हणून काकूंना शिकवणे भाग आहे. मला विचाराल तर त्यांना निदान पुढील गोष्टी हाताने करता आल्या पाहिजेत.

१) एक लिटर स्वच्छ पाणी मोजून त्यात जलसंजीवनीचे एक लिटरचे पाकीट विरघळवणे, ते वाटी-चमच्याने थोडे थोडे पाजणे आणि चोवीस तासांनी उरलेले टाकून देणे. पाकीट लहान असेल तर त्यावर लिहिले असेल तेवढेच पाणी घेणे.

२) घशात काही अडकले तर काय करायचे ते. मूल जोराने खोकत असेल तर खोकू द्यावे. आवाज फुटत नसेल, तर एक वर्षाखालील बाळाला डोके खाली राहील असे हातावर पालथे घेऊन दोन्ही खवाट्यांच्या मध्ये पाच थापा द्याव्यात आणि मग उताणे करून छातीच्या मध्यभागी दोन बोटांनी पाच वेळा दाबावे. इतक्या लहान बाळाचे पोट दाबायचे नाही. घशात आंधळेपणाने बोट घालायचे नाही. हे वाचून येत नाही, बाहुलीवर करून पाहावे लागते. शेंगदाणे, फुटाणे आणि अख्खी द्राक्षे चार वर्षांखालील मुलांना देऊच नयेत.

३) मुलाला शौचाहून आणल्यावर आणि भरवण्यापूर्वी साबणाने हात धुणे, स्वतःचेही आणि मुलाचेही.

४) ताबडतोब दवाखाना गाठण्याच्या खुणा ओळखणे: झटका येणे, छाती आत ओढून श्वास घेणे, काहीही न पिणे, मूल निपचित पडणे.

या चार गोष्टी शिकवायला दोन दुपारी पुरतात. दर तीन महिन्यांनी एक उजळणी मात्र हवी.

आपण काय करावे

प्रशिक्षण घेणाऱ्यांनी शिकावे आणि बाकीच्यांनी बघावे, असे चालणार नाही. वर्गात मूल हवे, काटा हवा, दंडघेराची पट्टी हवी. मदतनीस बाईंनाही वर्गात घ्यावे, कारण मुलाच्या तोंडात घास जातो तो अनेकदा त्यांच्याच हातून. आणि शिकलेल्या हाताला मानही द्यावा. सेविका आणि मदतनीस यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये सांगितले, तेव्हा योजना सुरू होऊन ४६ वर्षे उलटली होती. जिला आपण कामगार म्हणायलाही कचरतो, तिने मात्र तज्ज्ञासारखे काम करावे, ही अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

आईवडिलांनी पाळणाघराची फी विचारण्याआधी दोन प्रश्न विचारावेत: जुलाब लागले तर काय कराल? घशात दाणा अडकला तर काय कराल? उत्तर आले नाही तर काकूंना दोष देऊ नये, त्यांना घेऊन जवळच्या डॉक्टरांकडे जावे. आणि माझ्या व्यवसायबंधूंना विनंती, की महिन्यातली एक दुपार या कामासाठी काढावी. व्याख्यान देऊ नये. शाल घेऊ नये. काटा घेऊन जावे.

मी स्वतः महिन्याच्या पहिल्या शनिवारी जातो. गेल्या खेपेस पावलांवरची सूज कशी पाहायची ते शिकवायचे होते. मी ते शिकवले नाही. त्या ताईंना बोलावले. त्यांनी प्रत्येकीचा अंगठा धरून दाखवले. त्यांचा तो गावचा मुलगाही आजीच्या बोटाला धरून आला होता. उपचारात आधी त्याचे वजन उतरले, सूज गेली, मग खरे वजन चढले. आजी आता बारीक दिसणाऱ्या नातवाकडे पाहून म्हणाली, "आदी गुबगुबीत होतं तेच बरं दिसायचं बघा." ताई हसल्या, आणि पुन्हा एकदा खाली बसून त्यांनी आजीला पाय दाबायला शिकवले.