जुना संगणक, नवे जाळे आणि मधला सांधा

२८ एप्रिल २०२५ रोजी फिलाडेल्फिया येथील हवाई नियंत्रण कक्षात, नेवार्क विमानतळाकडे येणारी विमाने रडारच्या पडद्यावरून एकाएकी नाहीशी झाली आणि वैमानिकांशी होणारा संवादही तुटला. हा अंधार जेमतेम दीड मिनिटाचा होता. अपघात घडला नाही. परंतु काही नियंत्रकांना मानसिक आघातामुळे रजेवर जावे लागले आणि पुढे कित्येक दिवस नेवार्कची उड्डाणे रखडत, रद्द होत राहिली. न्यू जर्सीतील ज्या मराठी कुटुंबांचे येणेजाणे याच विमानतळावरून होते, त्यांनाही त्याची झळ बसली.

यानंतर अमेरिकेत जी चर्चा झाली तिचा रोख ठरलेला होता. हवाई नियंत्रणात अजून फ्लॉपी डिस्क आणि विंडोज ९५ वापरात आहेत, याचे नागरिकांना आश्चर्य वाटले. फ्लॉपी आणि कागदी पट्ट्या हद्दपार करण्याचे आश्वासन केंद्रीय विमान प्रशासनाच्या प्रमुखांनी जूनमध्ये संसदीय समितीला दिले. जुलैमध्ये काँग्रेसने नूतनीकरणासाठी साडेबारा अब्ज डॉलर मंजूर केले. खर्च आवश्यक आहे, यात शंका नाही. मात्र त्या दिवशी निकामी झाली ती फ्लॉपी नव्हे. नेवार्कच्या आकाशाची जबाबदारी जुलै २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या कक्षाकडून फिलाडेल्फियाकडे सोपवण्यात आली होती. रडारची माहिती मात्र पूर्वीप्रमाणेच न्यूयॉर्कला पोहोचत होती आणि तेथून दूरसंचार वाहिनीवरून पुढे पाठवली जात होती. ही मधली वाहिनी बंद पडली आणि तिच्या जागी उभी राहायची ती पर्यायी वाहिनी वेळेवर जागी झाली नाही. दोष सांध्यात होता.

हा सांधा म्हणजे नेमके काय, हे समजून घेण्यासाठी एखादा फार जुना संगणक आजच्या जाळ्याला जोडून पाहणाऱ्या हौशी मंडळींचा अनुभव उपयोगी पडतो. १९८१ चा आयबीएम पीसी घ्यावा. त्याच्या प्रोसेसरची गती ४.७७ मेगाहर्ट्झ. त्यात नंतरच्या काळातले एखादे साधे इथरनेट कार्ड बसवले आणि डॉसवर चालणारा एक लहानसा प्रोग्रॅम घातला, की तो आजच्या सर्व्हरशी खरोखर बोलू लागतो. कारण १ जानेवारी १९८३ रोजी अर्पानेटने स्वीकारलेली आयपीची चौथी आवृत्ती आजही जगभर चालते. पाकिटावर पत्ता लिहिण्याची रीत चाळीस वर्षांत बदललेली नाही. म्हणून पाकीट पोहोचते.

अडते ते पुढे, विश्वासाच्या प्रश्नावर. आजचे जवळपास प्रत्येक संकेतस्थळ संवाद सुरू होण्यापूर्वीच गुप्तलेखनाची मागणी करते आणि स्वतःची ओळख प्रमाणपत्राने पटवते. त्यामागचे गणित सोडवण्याइतकी ताकद आणि स्मृती त्या यंत्राजवळ नाही. पण केवळ ताकद असून भागत नाही. २००५ च्या सुमाराचा लॅपटॉप हे गणित सहज करील. तरी त्याला जी टीएलएस पद्धती ठाऊक आहे तिची १.० आणि १.१ ही दोन्ही रूपे मार्च २०२१ मध्ये अधिकृतपणे कालबाह्य ठरली. त्याच वर्षी ३० सप्टेंबरला एका मूळ प्रमाणपत्राची मुदत संपली आणि ज्या जुन्या उपकरणांना त्याच्या जागी आलेल्या नव्या प्रमाणपत्राची ओळख नव्हती, त्यांना आदल्या दिवसापर्यंत उघडणारी अनेक संकेतस्थळे उघडेनाशी झाली. उपकरणात काहीही बिघडले नव्हते. गमतीची अडचण घड्याळाची. बॅटरी संपलेला डॉसचा संगणक सुरू केला की त्याच्या लेखी १ जानेवारी १९८० उजाडलेला असतो. मग गेल्या महिन्यात दिलेले प्रमाणपत्र त्याला भविष्यकाळातले वाटले तर त्यात नवल ते काय!

यावर हौशी मंडळींनी काढलेला तोडगा सोपा आहे. जुन्या संगणकाच्या आणि जाळ्याच्या मध्ये रास्पबेरी पायसारखा एक छोटा नवा संगणक बसवायचा. तो बाहेरच्या जगाशी आजच्या गुप्तलेखनात बोलतो आणि आतल्या म्हाताऱ्याला तेच साध्या, उघड्या भाषेत सांगतो. दुभाषाच तो. मात्र दुभाषा आणि म्हातारा यांच्यामधला संवाद कोणीही ऐकू शकतो, आणि दुभाषा आजारी पडला की दोघेही मुके होतात.

बँका, करखाते, विमा कंपन्या आणि इस्पितळे यांचे कामकाज याच रचनेवर चालते. फक्त दुभाषांची संख्या वाढते. वर चकचकीत मोबाइल ॲप, तळाशी मेनफ्रेम आणि मध्ये वेगवेगळ्या दशकांत, वेगवेगळ्या कंत्राटदारांनी रचलेले थर. तळाशी असलेल्या यंत्राची कीव करण्याचे कारण नाही. १९६४ मध्ये आलेल्या आयबीएम सिस्टिम/३६० या मालिकेसाठी लिहिलेले कित्येक प्रोग्रॅम तिच्या आजच्या वंशजांवरही चालू शकतात. तरीही काही बिघडले की बोट तळाकडेच दाखवले जाते.

१७ एप्रिल २०१८ हा अमेरिकेत करविवरण भरण्याचा शेवटचा दिवस होता. त्या दिवशी करखात्याची यंत्रणा कोलमडली आणि मुदत एक दिवसाने वाढवावी लागली. करदात्यांची मूळ नोंदवही १९६० च्या दशकातली असल्याने संशय लगेच तिच्यावर गेला. प्रत्यक्षात बिघडले होते ते जेमतेम दीड वर्षापूर्वी बसवलेले उपकरण. दोन वर्षांनी कोविडच्या पहिल्या लाटेत न्यू जर्सीचे राज्यपाल फिल मर्फी यांनी कोबोल जाणणाऱ्या स्वयंसेवकांना जाहीर हाक दिली, कारण बेरोजगार भत्त्याच्या अर्जांचा लोंढा यंत्रणेला पेलवेना. कोबोलची यथेच्छ टिंगल झाली. संगणक-इतिहासाचे अभ्यासक मार हिक्स यांनी त्याच वर्षी दाखवून दिले, की कोबोलमधली यंत्रणा काम करत होती. कोसळत होते ते तिच्यापुढे उभारलेले नवे संकेतस्थळ.

ब्रिटनचे उदाहरण अधिक गुंतागुंतीचे आहे, आणि म्हणून अधिक बोधक. मे २०१७ मधील वॉनाक्राय हल्ल्यात इंग्लंडमधील २३६ पैकी किमान ८१ आरोग्य ट्रस्टना फटका बसला. १९ हजारांहून अधिक रुग्णांच्या भेटी रद्द झाल्याचा अंदाज आहे. विंडोज एक्सपीच्या नावाने बराच शंख झाला. पण ब्रिटिश लेखापरीक्षण कार्यालयाच्या अहवालात नमूद झाले ते असे, की बाधित संगणकांपैकी बहुतेकांवर विंडोज ७ होते. त्याला तेव्हा कंपनीचा आधार होता आणि आवश्यक पॅच मार्चमध्येच उपलब्ध झाला होता. तो बसवला गेला नाही, एवढेच. वय मात्र दुसऱ्या बाजूने आडवे आले. हल्ला ज्या दारातून आत शिरला ते फाईल-देवाणघेवाणीच्या एसएमबी या पद्धतीचे पहिले, १९८० च्या दशकातले रूप होते. जुन्या यंत्रांशी जमावे म्हणून ते दार नव्या यंत्रांतही उघडे ठेवलेले होते. म्हणजे नव्या संगणकाला आजार झाला तो जुन्याशी नाते टिकवण्याच्या सोयीतून.

मग जोडूच नये, हा युक्तिवाद पुढे येतो आणि त्यात तथ्य आहे. अमेरिकेच्या अण्वस्त्रदलांना आदेश पोहोचवणारी एक यंत्रणा २०१९ पर्यंत आयबीएम सिरीज/१ या १९७० च्या दशकातील संगणकावर आणि आठ इंची फ्लॉपींवर चालत होती. बाहेरच्या जाळ्याशी संबंध नाही, हीच तिची तटबंदी होती. ही चैन इस्पितळाला परवडत नाही. एमआरआय यंत्राने काढलेली प्रतिमा डॉक्टरांच्या पडद्यावर पोहोचलीच पाहिजे. यंत्राची उपयुक्तता दहा-पंधरा वर्षांची असते. त्याला चालवणाऱ्या संगणकप्रणालीचा आधार त्याआधीच संपू शकतो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नियमित मोफत सेवा थांबल्यावर हा पेच असंख्य प्रयोगशाळा आणि कारखान्यांच्या दारात येऊन उभा राहिला. उपाय ठाऊक आहेत: अशा यंत्रांसाठी जाळ्याचा स्वतंत्र कप्पा करावा, मोजकीच दारे ठेवावीत, दारावर नवा पहारेकरी बसवावा आणि त्याची निगा राखावी. अडचण पैशांच्या वाटणीत आहे. नव्या प्रकल्पाला उद्घाटन मिळते. देखभालीची फीत कोण कापणार? नेवार्कच्या तांब्याच्या वाहिन्यांऐवजी ऑप्टिकल फायबर आले ते जुलै २०२५ मध्ये, पडदे एकदा काळे झाल्यानंतर.

या सांध्यांपैकी कित्येक मराठी हातांनी घातलेले आहेत. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात, वायटूकेच्या कामासाठी, मुंबईच्या सीप्झमधून आणि पुण्यातून शेकडो तरुण अभियंते अमेरिका-ब्रिटनच्या बँका आणि विमा कंपन्यांच्या कोबोल प्रोग्रॅमपुढे जाऊन बसले. तेथे वर्षाचे दोनच अंक साठवलेले असत. प्रत्येक ठिकाणी चार अंक करण्याइतका वेळ नव्हता. म्हणून अनेकदा सीमारेषेची युक्ती वापरली गेली: सीमा ३० वर ठेवली असेल तर ०० ते २९ हे आकडे २००० नंतरचे मानायचे आणि ३० पासून पुढचे १९०० नंतरचे. सीमा कोठे ठेवायची, हे प्रोग्रॅमगणिक वेगळे ठरे. त्यामागचे कारण कधी टिपणात लिहिले जाई, कधी केवळ लिहिणाऱ्याच्या डोक्यात राही.

तेव्हा पंचविशी-तिशीत असलेली ही मंडळी आता निवृत्तीच्या उंबरठ्यावर आहेत. त्यांनी हात लावलेले प्रोग्रॅम बदलले गेले नसतील, तर ते आजही त्याच थरांखाली, त्याच सीमारेषा सांभाळत चालत असतील. आणि ज्यांत सीमा ३० वर आखलेली आहे, त्यांना १ जानेवारी २०३० च्या सकाळी १९३० साल दिसेल.