मुंगीचे चरित्र कसे लिहावे?

खेळाडूच्या चरित्राचा एक ठरलेला साचा आहे. हलाखीचे बालपण, कुणा जाणत्याची नजर पडणे, झपाट्याने वर जाणे, मग सगळ्या जगाने पाहिलेला एक क्षण, आणि त्यानंतरचा उतार. पेलेचे १९५८, मॅराडोनाचे १९८६, अशा एकेका वर्षाभोवती सारे आयुष्य रचले जाते. हा साचा मुळात शोकात्म नाट्याचा आहे, आणि आपण वाचक म्हणून तो इतका अंगवळणी पाडून घेतला आहे की, ज्या कारकीर्दीला असे शिखरच नाही ती आपल्याला चरित्राचा विषय वाटत नाही. ब्राझीलची मिराइल्देस मासिएल मोता हिच्या कारकीर्दीकडे पाहताना ही अडचण प्रकर्षाने जाणवते.

फुटबॉलजगत तिला फोर्मिगा म्हणून ओळखते. पोर्तुगीजमध्ये फोर्मिगा म्हणजे मुंगी. ३ मार्च १९७८ रोजी बाईया प्रांतातील साल्वादोर शहरात जन्मलेली ही खेळाडू १९९५ साली, वयाच्या सतराव्या वर्षी पहिला विश्वचषक खेळली आणि २०१९ साली, एक्केचाळिसाव्या वर्षी, सातवा. महिला फुटबॉल ऑलिंपिकमध्ये आले १९९६ साली. तेव्हापासून २०२१ मध्ये पार पडलेल्या टोकियो ऑलिंपिकपर्यंतच्या सातही स्पर्धांत ती मैदानावर होती. देशासाठी ती २३० हून अधिक सामने खेळली. ब्राझीलच्या पुरुष संघातील विक्रमवीर काफूच्या नावावर एकशे चाळीसच्या आसपास सामने आहेत, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचा अर्थ कळतो. पदकांचा हिशेब मात्र अपुरा राहिला. २००४ आणि २००८ च्या ऑलिंपिकमध्ये रौप्य, २००७ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात जर्मनीकडून हार. सुवर्णपदक नाही, विश्वचषकही नाही.

तिची मैदानावरील जागाही कथेला फारशी अनुकूल नव्हती. ती बचावफळीच्या पुढे उभी राहणारी मध्यरक्षक. प्रतिस्पर्ध्यांची चाल आकार घेण्याआधीच मोडायची, चेंडू काढून घ्यायचा आणि ज्यांना तो शोभेल अशा पायांकडे द्यायचा, हे तिचे काम. विश्वचषकांत सतरा गोल करणारी मार्ता तिचीच सहकारी. मार्ताच्या गोलांचे वर्णन करायला आपल्यापाशी विशेषणांची कमतरता नाही. मात्र जो हल्ला झालाच नाही, त्याचे वर्णन कसे करावे? फोर्मिगासाठी मग ‘सातत्य’ हा शब्द काढला जातो. साहित्यव्यवहारात दुय्यम मानलेल्या लेखकाला आपण ‘निष्ठावंत’ म्हणतो, त्यातला हा प्रकार.

पण हे सातत्य कोणत्या भूमीवर उभे होते? १९४१ साली जेतुलिओ वार्गास यांच्या राजवटीत ब्राझीलमध्ये एक हुकूमनामा निघाला. स्त्रियांच्या प्रकृतिधर्माशी विसंगत असे खेळ त्यांनी खेळू नयेत, असे त्यात कलम होते. १९६५ मध्ये बंदी असलेल्या खेळांच्या यादीत फुटबॉलचे नाव स्पष्टपणे घातले गेले. बंदी उठली १९७९ मध्ये. साहित्याच्या अभ्यासकाने या तारखा जरूर लक्षात घ्याव्यात. ब्राझीलच्या फुटबॉलविषयक ललित गद्याचा बहराचा काळ नेमका हाच आहे. मारिओ फिल्यो यांनी ब्राझीलच्या फुटबॉलमधील कृष्णवर्णीयांचा इतिहास १९४७ साली लिहिला. त्यांचे बंधू, नाटककार नेल्सन रॉद्रिगेस यांनी वृत्तपत्रांतील स्फुटलेखनातून सामन्याला महाकाव्याची उंची दिली. फुटबॉल म्हणजेच ब्राझील, ही प्रतिमा घडवण्यात या गद्याचा वाटा मोठा आहे. राष्ट्राची ही प्रतिमा घडत होती, तेव्हा राष्ट्राच्या निम्म्या लोकसंख्येने चेंडूला पाय लावणे नियमबाह्य होते. ज्या परंपरेने खेळाडूच्या चरित्राची भाषा घडवली, त्या भाषेत फोर्मिगासाठी जागा नव्हती, याचे आश्चर्य वाटायला नको.

म्हणून तिचे चरित्र लिहायचे तर दोन कालगणना शेजारी शेजारी ठेवाव्या लागतील. ती एक वर्षाची असताना बंदी उठली. ती पाच वर्षांची असताना, १९८३ मध्ये, महिला फुटबॉलला रीतसर नियमावली मिळाली. महिलांची आजची राष्ट्रीय साखळी स्पर्धा सुरू झाली २०१३ मध्ये. तेव्हा ती पस्तीस वर्षांची होती. राष्ट्रीय संघातील स्त्री-पुरुषांना समान मानधन देण्याची घोषणा २०२० मध्ये झाली. तेव्हा तिने बेचाळिशी गाठली होती. एखाद्या खेळाची संस्था जन्माला येऊन प्रौढ होईपर्यंतचा सगळा काळ एका देहाने खेळून काढला, असे येथे दिसते.

इथे एक धोका संभवतो. स्त्रीच्या टिकून राहण्याचे कौतुक करण्याची आपल्या समीक्षेला जुनी सवय आहे. स्त्रियांची आत्मचरित्रे वाचताना ‘सोशिक’ हे विशेषण आपल्या लेखणीतून सहज उतरते, आणि ते उतरले की सोसायला लावणाऱ्यांचा विषय आपोआप मिटतो. फोर्मिगाबाबतही तेच होऊ शकते. २०१६ च्या अखेरीस मानाउस येथील स्पर्धेनंतर तिने राष्ट्रीय संघाचा निरोप घेतला होता. २०१८ मध्ये प्रशिक्षक वादाओ यांच्या विनंतीवरून ती परतली. चाळिशीतल्या खेळाडूला परत बोलवावे लागते, याचा अर्थ तिची जागा घेणारी दुसरी तयार झालेली नव्हती. २०१९ च्या विश्वचषकात फ्रान्सकडून हरल्यावर मार्ताने कॅमेऱ्याकडे पाहत नव्या मुलींना जे सांगितले, त्याचा आशय हाच होता: फोर्मिगा, मार्ता, क्रिस्तियाने कायमच्या राहणार नाहीत. तेव्हा फोर्मिगाच्या दीर्घायुषी कारकीर्दीत तिचे कर्तृत्व जितके आहे, तितकाच व्यवस्थेवरचा ठपकाही आहे. यांपैकी एकच बाजू सांगणारे चरित्र अर्धवट ठरेल.

तिचा दुसरा आणि अखेरचा निरोपही मानाउसमध्येच झाला, २५ नोव्हेंबर २०२१ रोजी, भारताविरुद्ध. ब्राझील ६-१ असे जिंकले; उत्तरार्धात फोर्मिगा बदली खेळाडू म्हणून उतरली. आपल्याकडे तो सामना मनीषा कल्याणच्या गोलसाठी लक्षात राहिला, आणि ते स्वाभाविक आहे. पण त्या सामन्याने आपल्यापुढे ठेवलेला प्रश्न वेगळा होता. ब्राझीलमधील बंदी जेमतेम उठली होती, तेव्हा, जानेवारी १९८० मध्ये, कोझिकोडे येथील आशियाई स्पर्धेत भारताच्या महिला उपविजेत्या ठरल्या. १९८३ मध्ये पुन्हा उपविजेत्या. त्याच वर्षी शांती मल्लिक यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. पुढे २००९ मध्ये मात्र, दीर्घकाळ सामनेच न खेळल्यामुळे, भारताचा संघ फिफाच्या क्रमवारीतून वगळला गेला. ऐंशीच्या दशकातल्या त्या खेळाडूंमध्ये एखादी फोर्मिगा नव्हती, असे कशाच्या आधारे म्हणावे? सातत्य हा गुण खेळाडूच्या अंगी असावा लागतो हे खरेच. पण तो दिसण्यासाठी समोर सामने असावे लागतात.

२०२७ चा महिला विश्वचषक ब्राझीलमध्ये भरवण्याचे २०२४ साली ठरले. त्या निमित्ताने चरित्रे लिहिली जातील आणि त्यांत मार्ता केंद्रस्थानी असेल, ते योग्यच आहे. फोर्मिगाचे चरित्र लिहिणाऱ्याला मात्र नायकप्रधान कथनाचा मोह सोडून नोंदवहीच्या अंगाने जावे लागेल: कोणत्या वर्षी कुठे सामना झाला, कोण सोबत होते, कोण वाटेत थांबले, आणि का. आपल्या संतकवितेने मुंगीला मोठा मान दिला आहे, परंतु तिथे ती एकटी असते. प्रत्यक्षातली मुंगी रांगेत चालते, आणि तिची गोष्ट त्या रांगेसकट सांगावी लागते.