यादी वसईची, नावे कुणाची?

३१ ऑगस्ट २०२५ ला मेलबर्न-सिडनीत निघालेल्या 'मार्च फॉर ऑस्ट्रेलिया' या स्थलांतरविरोधी मोर्चांवर ऑस्ट्रेलियातल्या आपल्या मराठी मंडळात जितक्या संतापाने बोलले गेले, तितक्याच उत्साहाने त्याच मंडळींनी दोन महिन्यांपूर्वीची मीरा रोडच्या दुकानदाराला मराठीवरून थोबाडीत मारल्याची चित्रफीत पुढे पाठवली होती. एका बाजूला आपण मार खाणारे आणि दुसऱ्या बाजूला मारणाऱ्याला शाबासकी देणारे, आणि मधे विचाराचा एक क्षणही नाही, याची चीड आली म्हणून हा लेख. त्यातही पाचूबंदर-किल्लाबंदरच्या कोळीवाड्यांपासून विरारपर्यंतच्या आपल्या वसईकरांच्या तोंडी हल्ली एक वाक्य ठरलेले असते: मतदारयादी भय्यांनी भरली, वसई आपल्या हातची गेली. या वाक्यात दोन तक्रारी एकमेकींना चिकटवल्या आहेत. यादी सदोष आहे, ही एक. यादीत परके लोक आहेत, ही दुसरी. पहिली खरी आहे, पुराव्याने सिद्ध करता येते आणि तिच्यावर उपाय आहे. दुसरी पहिलीच्या आधाराने उभी राहते, आणि ती उभी राहिली की पहिलीवरचा उपाय मागे पडतो, असे माझे म्हणणे आहे.

यादी सदोष आहे हे म्हणायला कुठल्या पक्षाचे असावे लागत नाही. २०२४ च्या लोकसभा आणि विधानसभा निवडणुकांच्या मधल्या पाच-सहा महिन्यांत महाराष्ट्राच्या यादीत सुमारे ४० लाख नावांची भर पडली. निवडणूक आयोग म्हणतो ती नियमानुसार पडली, विरोधक म्हणतात पाडली गेली. नालासोपाऱ्यात एकाच महिलेचे नाव सहा वेळा आल्याची बातमी २०२५ मध्ये देशभर गाजली. राज ठाकरे यांनी ९६ लाख खोट्या मतदारांचा आरोप केला, १ नोव्हेंबरला मुंबईत 'सत्याचा मोर्चा' निघाला, आणि त्यानंतर राज्य निवडणूक आयोगानेच स्थानिक निवडणुकांच्या याद्यांत संभाव्य दुबार नावांपुढे दुहेरी तारांकन करण्याचे जाहीर केले. म्हणजे दुबार नावे आहेत हे आता कुणी नाकारत नाही. वसईत २०२४ च्या विधानसभेचा निकाल सुमारे तीन हजार मतांनी लागला. एवढ्या फरकाने आमदार बदलत असेल, तर यादीतल्या प्रत्येक खोट्या नावाबद्दल ओरडण्याचा मतदाराला हक्क आहे.

पण दुबार नाव तयार कसे होते, हे पाहिले तर त्यात भाषा आणि जात कुठेच येत नाही. वसईतले भाड्याचे घर सोडून माणूस नालासोपाऱ्यात जातो. पत्ता बदलण्यासाठी फॉर्म ८ असतो, पण तो नव्या नोंदणीचा फॉर्म ६ भरतो, कारण कोणीतरी तोच भरून देतो. जुने नाव काढायला कुणी येत नाही. अर्जाचे काय झाले ते कळत नाही, म्हणून तो पुन्हा अर्ज करतो. न्यायालयाच्या आदेशाने २०२४ च्या अखेरीपासून २०२५ च्या सुरुवातीपर्यंत नालासोपाऱ्यातल्या ४१ अनधिकृत इमारती पाडल्या गेल्या. तिथली अडीच हजारांच्या आसपास कुटुंबे कुठे कुठे पांगली, पण इमारत पडली म्हणून यादीतले नाव आपोआप हलत नाही. मेलेल्या माणसाच्या नावाचेही तेच. शिवाय यादी संगणकावर शोधता येईल अशा स्वरूपात नागरिकाला मिळत नाही, छापील पानांची चित्रे मिळतात. शोधता येणारी यादी द्या ही मागणी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि तिथेही ती मान्य झाली नाही. हजारो नावांतली दोन सारखी नावे डोळ्यांनी शोधत बसायची, असा हा प्रकार आहे. दोष असा कारकुनी आणि यंत्रणेचा असताना सभांमधून मात्र आडनावे वाचून दाखवली जातात. यादव, गुप्ता, खान. पाटील, मेहेर किंवा डिसोझा दोनदा आले तर ते कुणी माइकवर वाचत नाही. तांदूळ निवडताना खडा शोधायचा असतो. दाणा कुठल्या शेतातला हे विचारत बसलो तर खडा तसाच भातात जातो.

१९५० चा लोकप्रतिनिधित्व कायदा मतदाराला काय विचारतो? नागरिक आहेस का, अठरा पूर्ण झाली का, आणि या मतदारसंघात सामान्यतः राहतोस का. बस्स. जन्म कुठे झाला, आजोबा कुठले, घरात काय बोलता, हे तो विचारत नाही. त्याच कायद्याच्या विसाव्या कलमात आणखी एक गोष्ट आहे आणि ती पाचूबंदरच्या माणसाने विशेष ध्यानात ठेवावी: माणूस तात्पुरता घराबाहेर गेला, एवढ्याने त्याचे तिथले राहणे संपत नाही. डोल जाळे लावायला बोट बाहेर पडते, तांडेल आणि खलाशी दिवसेंदिवस समुद्रात असतात; गावातले किती तरी तरुण परदेशी जहाजांवर महिनोन्‌महिने असतात. यादी तपासायला आलेल्या माणसाला घर बंद दिसले म्हणून त्यांची नावे कापली, तर कोळीवाडा पेटून उठेल, आणि रास्तच. मग वसईतल्या वालीवच्या कारखान्यात बारा तासांची पाळी करणाऱ्या बिहारी कामगाराला हेच कलम का लागू नसावे? त्याची गत तर दोन्हीकडून झाली आहे. २०२५ मध्ये बिहारच्या यादीची विशेष फेरतपासणी झाली आणि १ ऑगस्टच्या प्रारूप यादीतून सुमारे ६५ लाख नावे गेली. त्यांतली ३६ लाखांच्या घरातली नावे कायमची स्थलांतरित किंवा न सापडलेली म्हणून गेली. वगळलेली नावे कारणांसह जाहीर करा, हे सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले. तो वसईत राहतो म्हणून बिहारमध्ये त्याचे नाव कापायचे आणि तो बिहारचा म्हणून वसईत हरकत घ्यायची, तर या प्रौढ नागरिकाने मत द्यायचे तरी कुठे? दोन्ही ठिकाणी त्याचे नाव असेल तर एक काढा, त्यात दुमत नाही. एकाहून जास्त ठिकाणी नोंदणी कायद्यानेच मना आहे आणि खोटे निवेदन दिले तर एक वर्षापर्यंत कैद आहे. पण कुठले ठेवायचे ते त्याच्या राहण्यावरून ठरवा, त्याच्या बोलण्यावरून नको.

आता इथे, ऑस्ट्रेलियात, काय चालले आहे तेही पाहू. 'मार्च फॉर ऑस्ट्रेलिया'च्या प्रचारपत्रकात म्हटले होते की शंभर वर्षांत ग्रीक आणि इटालियन मिळून जेवढे आले, त्याहून जास्त भारतीय पाच वर्षांत आले. मोर्च्यानंतर चार दिवसही झाले नव्हते तोच विरोधी पक्षाच्या सिनेटर जासिंटा प्राइस यांनी, भारतीय लोक लेबर पक्षाला मते देतात म्हणून सरकार त्यांना येऊ देते, अशा आशयाचे विधान केले. माफी मागायला त्यांनी नकार दिला आणि १० सप्टेंबरला त्यांच्याच पक्षाने त्यांना पुढच्या बाकावरून खाली उतरवले. आपण सगळे चिडलो. चिडायलाच हवे होते, कारण विधान मुळात अडाणीपणाचे होते: व्हिसावर आलेल्याला इथे मत नाही, कायमच्या रहिवाशालाही नाही, आणि नागरिकत्वाला किमान चार वर्षे लागतात. आज कुणाला विमानातून उतरवून उद्या मतपेटीपाशी नेता येत नाही. पण या विधानाची चाल ओळखीची वाटत नाही का? माणसे मतांसाठी आणली जातात. आणणारा पक्ष कुठला ते बोलणाऱ्याच्या सोयीने ठरते. आणि आलेल्या माणसाला स्वतःचे काही मत असेल हे गृहीतच धरले जात नाही. वसईत हेच वाक्य वेगळ्या आडनावांवर बसवले आहे. मेलबर्नमध्ये ते वंशद्वेष आणि वसईत अस्मिता, असे कसे?

यावर लगेच म्हटले जाते की तुलना चुकीची आहे, आपण इथे कायद्याने आलो. बरोबर, तुलना चुकीचीच आहे, पण उलट्या बाजूने. आपण इथे परवानगी मागून आलो. देणारा नाही म्हणू शकत होता. जौनपूरचा माणूस वसईत परवानगीने येत नाही, भारतात कुठेही जाऊन राहण्याचा हक्क संविधानाच्या एकोणिसाव्या अनुच्छेदाने त्याला दिला आहे, जसा बडोदा-इंदूरच्या मराठी माणसाला दिला. परक्या देशात आपल्याला जेवढे मिळावे असे वाटते, त्यापेक्षा त्याचा हक्क स्वतःच्या देशात मोठा आहे.

दुसरा आक्षेप घुसखोरांचा. परदेशी नागरिकाचे नाव भारताच्या यादीत असेल तर ते गेलेच पाहिजे. पण कसे? नव्वदीच्या सुरुवातीला मुंबईत आणि दिल्लीत विशिष्ट वस्त्यांतल्या मतदारांना सरसकट नोटिसा देऊन नागरिकत्व सिद्ध करायला सांगितले गेले. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९९५ च्या लालबाबू हुसेन निकालात न्यायालयाने सांगितले की ज्याचे नाव आधीच यादीत आहे त्याच्या नोंदीला वजन द्या, त्याचे म्हणणे ऐका, अमुकच कागद आण असा हट्ट धरू नका, आणि अधिकाऱ्याने पोलिसांच्या अहवालावर मान न डोलावता स्वतः विचार करावा. तीस वर्षांपूर्वीचा हा निकाल आपल्याच मुंबईतल्या मतदारांमुळे मिळाला आहे. एकेका नावावर फॉर्म ७ भरून, स्वतःचे नाव खाली लिहून हरकत घेण्याची सोय आजही आहे. ती वापरणारे कमी आणि आरोळी देणारे जास्त, कारण आरोळीखाली सही लागत नाही.

तिसरा आक्षेप मात्र मला सहज बाजूला सारता येत नाही. वसई खरोखर बदलली. हिरवी पट्टी आक्रसली, पाणी टँकरवर आले, आणि २०११ च्या जनगणनेत वसई-विरार महापालिकेची लोकसंख्या १२ लाख २२ हजार भरली. गावठाणातल्या माणसाला स्वतःच्या गावात पाहुण्यासारखे वाटते, ही भावना खोटी नाही. पण हे केले कुणी? १९९० मध्ये सिडको नियोजन प्राधिकरण म्हणून आली, जमिनीचे भाव भडकले, चटईक्षेत्र वाढत गेले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समितीने त्या काळात रस्त्यावर उतरून विरोध केला तो बिल्डर, राजकारणी आणि गुंड यांच्या साखळीला. गाडीतून उतरणाऱ्या, पोट भरायला आलेल्या माणसाला नव्हे. फादरांचा रोख अचूक होता. विकणारा वसईचाच होता, मंजुरी देणारा तिथलाच, आणि मलनिस्सारण केंद्रासाठी राखलेल्या जागेवर त्या ४१ इमारती उठत असताना डोळे मिटून घेणारेही तिथलेच. फसलेला बहुतेक बाहेरचा. २०२५ च्या ऑगस्टमध्ये विरारची रमाबाई अपार्टमेंट कोसळून १७ माणसे गेली; ढिगाऱ्याने कुणाची मातृभाषा विचारली नाही. कोळीवाड्यांचे सीमांकन वर्षानुवर्षे रखडले आहे, वाढवण बंदराने मासेमारीचे क्षेत्र जाईल ही धास्ती आहे. पाचूबंदरच्या माणसाने भांडावे अशी ही भांडणे आहेत, आणि यातले एकही मतदारयादीतून यादवांचे नाव काढून सुटणार नाही.

आणि समुद्रावर गेले की पाचूबंदरकरही परकेच ठरतात! वसई-उत्तनच्या मच्छीमारांनी खोल समुद्रात ठोकलेल्या कवींवरून, म्हणजे डोल जाळी बांधायच्या खुंटांवरून, सातपाटी-डहाणूकडच्या मच्छीमारांशी कित्येक वर्षे वाद आहे. तिकडचे म्हणतात, वसईवाले आमच्या समुद्रात येऊन जागा अडवतात. वसईवाले म्हणतात, समुद्र कुणा एका गावाचा नाही, परवाना राज्याचा आहे. दोघांच्याही पोटाचा प्रश्न आहे आणि निवाडा करणे माझे काम नाही. पण समुद्रात परवाना पुढे करायचा आणि जमिनीवर मूळगाव विचारायचे, असे दोन कायदे एकाच माणसाला मागता येणार नाहीत.

भाषेबद्दल थोडेच लिहितो, तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. महाराष्ट्रात राहणाऱ्याने मराठी शिकावी, सरकारी कचेरीत मराठी चालावी, पहिलीपासून हिंदी लादू नये, हे सगळे मला मान्य आहे, आणि हिंदीचे ते आदेश २९ जून २०२५ ला मागे घ्यायला लावले गेले ते उत्तम झाले. पण भाषेची परीक्षा माणूस बाहेर ठेवण्यासाठी घेतली की तिचे काय होते हे ऑस्ट्रेलियानेच दाखवले आहे. १९०१ च्या कायद्याने इथे येणाऱ्याला पन्नास शब्दांचे श्रुतलेखन द्यावे लागे, आणि भाषा कुठली ते अधिकारी ठरवी. ती कुठलीही युरोपीय भाषा असू शके. नापास कुणाला करायचे ते आधीच ठरलेले असे. ही परीक्षा १९५८ पर्यंत टिकली. थोबाडीत मारून घेतलेली मराठीची परीक्षा त्याच जातीची आहे.

हे सगळे उपदेशासारखे झाले हे मला कळते. वीस तासांच्या विमानप्रवासाइतक्या अंतरावरून गावाला शहाणपण शिकवणे शोभत नाही आणि तिथे रोज लोकलमध्ये चेंगरणाऱ्यांनी मला चार शब्द सुनावले तर ते ऐकून घेईन. म्हणून शेवटची गोष्ट तिथल्यांना नव्हे, आपल्यालाच सांगतो. इथले नागरिकत्व घेतले त्या दिवशी आपले भारतीय नागरिकत्व संपले. ओसीआय कार्डावर मत नाही. तरी वसई, नालासोपारा, ठाणे, पुणे इथल्या याद्यांत आपल्यातल्या अनेकांची नावे तशीच आहेत, कारण ती काढायला कुणी गेलेच नाही. वसईच्या यादीत परदेशी नागरिक शोधायचे असतील तर सुरुवात आपल्या मंडळाच्या सभासद यादीपासून करता येईल. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर आपले नाव शोधा. पासपोर्ट इथला झाला असेल तर फॉर्म ७ भरून ते काढून टाका. पासपोर्ट अजून भारताचा असेल तर फॉर्म ६ए भरा, अनिवासी मतदार म्हणून नोंद होईल. मत द्यायला मात्र तिथे जावे लागेल. दोन्ही अर्ज फुकट आहेत.